बिनडोळ्याचा केरबा

भैरोबाची आन, चुलीतल्या इस्तवाची आन, ह्यातला शबुद न शबुद खरा हाय! कुनी मधीच हसलं तर फुडचं सांगायचं न्हाई. उंब्रजच्या गुळाच्या वखारीत भर दुपारी मातीचा मानूस चालला, बिनडोळ्याचा चालला, अन् त्येला बघून वडूजचा नाथाजी कुंभार गुळाच्या ढेपांवर चढून बसला तो तितंच चिकाटला. त्येला सोडवाय कोमट पानी आनावं लागलं. ज्येला खोटं वाटत आसंल त्येनं त्या वखारीत जाऊन नाथाजीच्या धोतराला इचारावं.

लढाईची सालं ती. उंब्रजच्या कुंभारवाड्यात राही नांदत व्हती. नवरा केरबा. हातानं चाक फिरवायचा अन् तोंडानं शीळ. उंच येवडा की घराचं दार त्येला कवा पुरलंच न्हाई. आत शिरताना उजवा हात वर चौकटीवर टेकवायचा, मान वाकवायचा, अन् मंग पाय उचलायचा. हात कायम चिखलानं भरलेला. त्यामुळं वरच्या लाकडावर त्येचा पंजा उमटून उमटून पक्का बसला व्हता. दिवाळीला राही सगळं घर सारवायची, चौकट पुसायची, पन तेवडा पंजा सोडून. सासू भामाबाई म्हनायची, "ऱ्हाऊ दे गं. घराला पाच बोटं लागल्याली बरी."

त्यो केरबा पलटनीत गेला. कुंभाराचं प्वार बंदूक धराय कशापायी गेलं म्हनाल, तर त्या टायमाला गावातली निम्मी पोरं गेलीच व्हती, अन् सातारच्या भरतीत बूट मिळत व्हते. बूट घातलेला गावातला पयला कुंभार म्हनून त्येला वेशीपतुर वाजवत न्हेला. मंग बोटीत बसला, मिसर देशाला गेला, रेतीत लढला, अन् येक दिस तार आली. मेला असं तारंत नव्हतं. जित्ता हाय असंबी नव्हतं. बेपत्ता.

"म्हंजी काय वं?" भामाबाईनं इचारलं.

"कुटं हाय ते ठावं न्हाई," तार वाचनारा मास्तर म्हनाला.

"आपलं घर कुटं हाय ते त्येला ठावं हाय न्हवं? बास की मंग," भामाबाई म्हनाली अन् मिसरी लावत बसली.

दोन पावसाळं तसंच गेलं. राही रोज कुक्कू लावायची अन् रोज लावताना हात वाईच थबकायचा. गावात कुनी तिला सवाष्न म्हनून वटी भरायचं, कुनी तिला बघून वाट बदलायचं. थोरलं दीर नानासो येकाच आंगनात पलीकडच्या खोल्यांत ऱ्हायचं. मानूस वाईट न्हाई. पन त्येंची लेक बनू लग्नाला आल्याली, अन् वडूजच्या नाथाजीनं तिला आपल्या पोरासाठी पसंत केलेली. पोहं खाल्लं, चा पिला, अन् जाताना नाथाजी दारात थांबला.

"नानासो, पोरगी ब्येस हाय. पन तुमच्या घरातलं येक मानूस ना धड जित्तं, ना धड गेल्यालं. अशा घरात हळद कशी लावायची? आदी काय ते ठरवा, मंग मला सांगावा धाडा."

अन् ठरवायची त्या घराची येक जुनी रीत व्हती. मानूस परमुलखात हरवला, देह घावला न्हाई, की त्येचा हातभर मातीचा पुतळा करायचा. उताना निजवायचा. लाल गुंजेचं डोळं बसवायचं, घरातल्या सगळ्यांकडं त्येला येकदा बघू द्यायचं, अन् भट्टीत भाजायचा. भट्टी निवली की नदीत सोडायचा. मंग तेरावा, अन् घर मोकळं. डोळ्याबिगर मातूर चालायचं न्हाई. गनपती असू दे, न्हाईतर बेंदराचा बैल असू दे, कुंभाराच्या घरात डोळं सगळ्यात शेवटी. डोळं बसलं की मातीत जीव आला. मंग तिला दाबायचं न्हाई, पिळायचं न्हाई, निस्तं हात जोडायचं. डोळं न्हाईत तवर ती माती.

नानासो राहीच्या दारात आलं अन् खाली बघत म्हनालं, "राही, केरबाचा पुतळा तूच कर."

"मी? आवं भावजी, तुमी थोरलं..."

"मी केला तर मारुती होतोय. माजं समदं मारुतीच होत्यात. तुजा हात हाय तसा."

त्या भट्टीला इस्तू लागला की राहीचं कुक्कू पुसनार अन् हातातल्या बांगड्या फुटनार, हे दोगांनाबी ठावं व्हतं. म्हनून नानासोंनी तिच्या तोंडाकडं बघितलं न्हाई, अन् तिनं त्येंच्या.

राहीनं माती कालवली. तळ्यातली काळी, त्यात लीद अन् पिंजलेला कापूस. बसली केरबा कराय. पन निजवाय गेली तर बोटं आयकंनात. केरबा निजलेला तिनं बघितलाच कुटं व्हता? तिच्या आदी उठायचा अन् ती भांडी घासून येतीया तवर त्यो दिवा मालवून मोकळा. त्यामुळं बोटांनी आपल्या मनानं जो केला त्यो बसलेला झाला, गुडघं पोटाशी घिऊन, चाकाम्होरं बसायचा तसा.

नानासो सकाळच्याला आलं. "ह्यो बसलाय."

"तडा गेला हाय त्येला. दुसरा करती."

दुसरा केला त्यो हात टेकून उठाय लागलेला. तिसरा उभा. त्येच्या फुडचा येक पाय उचललेला. राही प्रत्येकाला काय ना काय खोड काढायची, ह्येचा कान गेला, त्येची मान कच्ची ऱ्हायली, अन् वळचनीखाली भित्तीला लावून वळीनं मांडायची. वर वलं पोतं.

"अन् गुंजा?" नानासो इचारायचं.

"अजून हिरव्या हाईत की वं. दिवाळी झाल्याबिगर लाल हुत्यात व्हय?"

दिवाळी झाली, गुंजा लाल झाल्या. नानासोंनी पल्याडच्या रानातनं मूठभर आनून कोनाड्यात ठिवल्या. सकाळी गायब. परत आनल्या, परत गायब. भामाबाईच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला व्हता, हाताला धरून परसाकडं न्ह्याय लागायचं, पन कोनाड्यातली गुंज तिला बराब्बर दिसायची. तिची तंबाकूची चंची तेवडी रोज फुगत चालली.

"आय, गुंजा बघितल्या का गं?"

"मला आंधळीला इचारतोस? लाज न्हाई वाटत?"

अशातच पंत आलं.

कऱ्हाडास्नं साताऱ्याला जानारी सर्व्हिस गाडी उंब्रजला बंद पडली. तवा पेट्रोल मिळत नव्हतं, गाडीच्या पाठीमागं कोळशाची शेगडी बांधल्याली असायची अन् तिच्या वाफंवर गाडी चालायची. ती शेगडी इझली. क्लीनर फुंकत बसला, अन् त्यातला येक पाशिंजर पानी मागत कुंभारवाड्यात शिरला. सांगलीचा फोटोवाला, गोपाळकृष्णपंत. किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी, काखेत काळी पेटी. आदी कोल्हापुरात सिनेमा कंपनीत क्यामेरा फिरवायचा. लढाईपायी फीत मिळंना, कंपनी मोडली, तवापासनं सांगलीत नवराबायकूचं फोटो काढत बसलेला.

काळी पेटी घिऊन नवं मानूस गावात आलं की त्या दिसांत आदी त्येला घेरायचे. रानोमाळ भूमिगत पोरं फिरत व्हती, त्यामुळं हा सरकारचा खबऱ्या असंल म्हनून चौगं जनं त्येच्या मागं मागं आलं.

"पेटीत काय हाय?"

"अहो, कॅमेरा. फोटो काढतो मी."

"मंग काढ. त्या म्हशीचा काढ."

म्हशीचा फोटो काढला तवा कुटं सोडला त्येला. म्हस बाकी येकदम सरळ उभी ऱ्हायली.

राहीनं तांब्या दिला. पंत पानी पीत पीत वळचनीखालनं चालाय लागलं अन् थांबलं. राहीनं माती भिजवाय पोतं काढलं व्हतं. भित्तीला लागून केरबा बसलेला, मंग उठनारा, मंग उभा, मंग पाय उचललेला, मंग उंबऱ्याभाईर पडलेला. पंत मागं गेलं अन् परत भरभर चालत आलं. परत गेलं, परत आलं. नजर मातीवर.

"कोन येरझाऱ्या घालतंय?" भामाबाई आतनं वरडली. "म्हस व्याली काय त्येची?"

"आजी, हा उठतोय!" पंत म्हनालं. त्येंच्या सदऱ्यावर पानी सांडल्यालं त्येंना कळलं न्हाई. "मी चालत गेलो की हा उठून चालायला लागतो. बाई, हे कुणी सांगितलं तुम्हाला करायला?"

"कुनी न्हाई. निजत न्हाई त्यो, म्हनून हे झालं."

"मी ह्याला चालवतो. खरं चालवतो. पडद्यावर. माझ्याकडं थोडी फीत राखून ठेवलीय डब्यात. आजवर कशाला वापरावी तेच सुचत नव्हतं."

राहीला फीत कळली न्हाई, पडदा कळला न्हाई. चालवतो येवडं कळलं. ती तशीच मातीच्या हातानं नानासोंच्या दारात गेली.

"भावजी, येकदा त्येला चालताना बघू द्या. घरापतुर आला, आत आला, की मी माज्या हातानं त्येला निजवीन अन् गुंजा बसवीन. भैरोबाची आन."

नानासोंनी बनूकडं बघितलं. ती दळत बसली व्हती, जात्याचा आवाज बारीक करून.

"शिमग्यापतुर," नानासो म्हनालं. "त्येच्या फुडं मला नाथाजीला थांबवता यायचं न्हाई."

तर राही सांगलीला गेली. जवान बाई परक्या गावाला येकली कशी जानार, म्हनून भामाबाई संगं. फोटोच्या दुकानामागं पत्र्याचं शेड व्हतं, कृष्णाकाठाला लागून. भामाबाई शेडाच्या दारात काठी घिऊन बसली. आत शिरनाऱ्या पायाचा आवाज आला की काठी आडवी. येका नवरदेवाच्या नडगीला असा दनका बसला की त्येचा फोटो काढला त्यो त्वांड वाकडं केलेलाच निघाला, अन् त्येच्या घरात म्हनं अजून लावल्याला हाय.

आत राहीनं येका मोठ्या पाटावर मुलूख मांडला. डोंगर, त्येच्या मागनं उतरनारी वाट, नदी, बाभळी, अन् शेवटाला आपलं घर, ठेंगन्या दाराचं. केरबा नवा केला, आत तारा घालून, म्हंजी हातपाय वाकवता येत्याल. समदं झालं, अन् पंतांनी काचंचं दोन मनी फुडं केलं.

"डोळे."

"न्हाई."

"राहीबाई, डोळ्यांशिवाय माणसं घाबरतील."

"घाबरू देत. आवं पंत, डोळं दिलं की त्यो बघनार. बघनाऱ्या मान्साची तंगडी मी कशी पिरगाळू? मला पाप न्हाई लागायचं?"

पंतांनी मनी खिशात टाकलं. मंग काम सुरू झालं. राहीनं केरबाचा पाय तिळभर उचलायचा, बाजूला व्हायचं, पंतांनी खटका दाबायचा. परत तिळभर, परत खटका. डोक्यावर दिवं असलं कडक की माती वाळायची, मंग वल्या बोटानं चोळायची. सकाळधरनं संध्याकाळपतुर कंबर मोडून काम केलं तर केरबा येक डोंगर उतरायचा. आनि बोटं लागून लागून त्येचं अंग रोज बदलायचं. छातीवर राहीचा आंगठा, पाठीवर राहीची बोटं. तिला आपलं बरं वाटायचं. इतक्या दिसांनी नवऱ्याला हात लावाय मिळाला व्हता, मंग मातीचा का असंना.

"कुटवर आला गं?" भामाबाई दारातनं इचारायची.

"नदीला आला, आत्ती."

"पान्याला उतार हाय का बघ म्हनावं."

असं करत करत केरबा दारात आला. अन् राहीचा हात आखडला. आता येक पाऊल आत पडलं की संपलं. आत आला की निजवायचा, गुंजा बसवायच्या, भट्टी. आन घेतल्याली. ती पाटाम्होरं उकिडवी बसून ऱ्हायली.

"फीत संपत आली, राहीबाई," पंत हळूच म्हनालं. "थोडी उरलीय. घ्यायचा का आत?"

राहीनं अंबाड्यातला आकडा काढला. त्येच्या टोकानं केरबाचा उजवा हात जरा जरा करत वर उचलला अन् ठेंगन्या दाराच्या चौकटीवर टेकवला. बोटं पसरली. मान वाईच वाकवली. अन् उठली.

"बास. ह्येच्या फुडं न्हाई."

फाल्गुनात पंत पेटारा घिऊन उंब्रजला आलं. पडदा कुटं लावायचा, तर गुळाच्या वखारीत. खिडक्यांना घोंगडी लावली, नानासोंच्याच पांढऱ्या धोतराचा पडदा केला, मोटारीच्या ब्याटरीवर दिवा जोडला. भाईर ऊन रनरनत व्हतं अन् आत काळाकुट्ट अंधार, गुळाचा वास अन् मुंगळं. सगळं गाव लोटलं. नानासोंनी नाथाजीलाबी वडूजास्नं बोलावलं व्हतं. म्हंजी चालताना बघायचं, अन् लगीच निजवायचं, पावन्याच्या डोळ्यादेखत. भट्टीत शेनी रचूनबी ठिवल्या व्हत्या. राही आत आली ती त्या शेन्या बघूनच.

पंतांनी दांडा फिरवाय सुरवात केली. खर्र खर्र आवाज आला. पडद्यावर डोंगर उठला.

"आरं, ह्यो तर आपला सदाशिवगडच!" कुनीतरी म्हनालं, अन् लोक हसलं. ते शेवटचं हसनं.

डोंगरामागनं डोस्कं वर आलं. शेडात हातभर व्हता त्यो केरबा पडद्यावर वखारीयेवडा झाला. डोळ्यांच्या जागी निस्त्या खाचा. चालाय लागला. मान्सं चालत्यात तसा न्हाई, पाय उचलायचा, कायतरी आठवल्यागत थांबायचा, मंग टाकायचा. अन् त्येचं अंग! राहीची जितकी बोटं लागली व्हती ती सगळी जित्ती झाली. छातीवरचं कातडं खदखदाय लागलं, पिठल्याला आधन आल्यागत. आंगठ्याचं ठसं त्येच्या पोटावर पळायचे, पाठीत शिरायचे, परत गालावर यायचे. बाभळीजवळ आला तसा थांबला, खाचा सगळ्या लोकांवरनं फिरवल्या, अन् सरळ फुडं यायला लागला.

"हिकडंच यायला लागलाय की रं!"

"आये, चल गं घरला!"

बायांनी पोरांच्या तोंडावर पदर टाकलं. येक म्हातारा रामराम म्हनाय लागला, त्यो मातीलाच म्हनाला का देवाला ते त्येलाच ठावं. अन् नाथाजी पयल्या वळीत बसल्याला, त्यो उठला, मागं वळला, मागं वाट नव्हती म्हनून ढेपांवर चढला, येकावर येक, पार तुळईपतुर. वर पत्र्याची धग, गूळ पाझरल्याला.

पाऊल न पाऊल राहीनं आपल्या हातानं टाकलं व्हतं, तरी तिला वाटाय लागलं, ह्यो आता माजं आयकायचा न्हाई. तिनं भामाबाईचा हात घट्ट धरला.

"आत्ती, नदी वलांडली त्येनं."

"गप. दिसतंय मला," आंधळी भामाबाई म्हनाली.

केरबा घराला आला. ठेंगन्या दाराम्होरं उभा ऱ्हायला. अन् त्येनं उजवा हात वर केला, सावकाश, अन् चौकटीवर टेकवला. बोटं पसरली. मान वाकवली.

नानासो उठून उभं ऱ्हायलं. त्येंची सावली पडद्यावर पडली, केरबाच्या शेजारी केरबायेवडीच.

"बसा की वं खाली!" मागनं कुनी वरडलं. पन नानासो बसलं न्हाईत. चालत गेलं पडद्यापतुर, अन् आपल्या धोतरावरच्या त्या हाताला हात लावाय गेलं. तेवड्यात फीत संपली. निस्ता पांढरा उजेड, अन् त्यात हात वर केलेलं नानासो.

नानासो वळलं. डोळं पुसलं, नाक पुसलं, पडद्यालाच.

"राही, आत आला का त्यो?"

"न्हाई, भावजी. चौकटीत थांबला. तुमी बघितलंच की."

"म्हंजी अजून वाटंवर हाय."

"व्हय."

"मंग वाटंवरच्या मान्साला कोन भाजतंय?" नानासो येवड्या मोठ्यानं म्हनालं, की जनू राहीच भट्टी पेटवाय निघाली व्हती. "त्या शेन्या काढा रं भट्टीतनं! आनि नाथाजी, तुमाला लगीन मोडायचं आसंल तर खुशाल मोडा. माजा भाऊ यायचाय."

"कोन मोडतंय?" तुळईजवळनं आवाज आला. "असल्या मान्साला निजवायचं पाप माज्या डोस्क्यावर नगं. उद्या वाट चुकून माज्या दारात उभा ऱ्हायला तर? तुमी लगीन काडा, वैशाखातलं काडा!"

"मंग खाली या की, पावनं. साखर वाटायची."

"येता यीना!"

ढेपंला धोतर, धोतराला नाथाजी. चार गडी लागलं, कोमट पान्याची घागर लागली, अन् शेवटी धोतर ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. पडद्याचं धोतर नेसून पावना वडूजला गेला. बनूचं लगीन वैशाखात झालं. हळदीला राहीला पयल्या पाटावर बसवलं, अन् कुनी वाट बदलली न्हाई.

फुडं आखाड लागला. बेंदूर तोंडावर आला. घराघराला मातीची बैलं द्यायची म्हनून राही रातंदिस मातीत. केरबाचा पुतळा तिनं वल्या फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठिवला व्हता, रोज पानी शिपडायची, रोपाला शिपडल्यागत. त्या दिशी ती बैलाची शिंगं वळत बसली व्हती. आंगनात कुत्रं भुंकलं अन् येकाएकी गप झालं. दारातला उजेड कमी झाला. तिनं वर बघितलं तर चौकटीवर येक पंजा, जुन्या डागावर बराब्बर बसल्याला.

ती रडली न्हाई, वरडली न्हाई. तिनं पयल्यांदा त्येचं डोळं बघितलं. व्हतं. दोन्ही व्हतं.

"वाकून ये रं," भामाबाई आतनं म्हनाली. "लागंल."

केरबा वाळून काटकी झाला व्हता. शत्रूनं धरला, बोटीतनं दुसऱ्याच मुलखाला न्हेला, तितनं पळाला अन् येका शेतकऱ्याच्या गोठ्यात दडून ऱ्हायला, त्येंची मडकी घडवत. बोलताना मधी मधी तिकडचं येखादं अक्षर यायचं अन् स्वताच हसायचा. जेवला, पानी पिला, अन् त्येची नजर कोनाड्यात गेली. फडकं काढलं.

"ह्यो कोन गं?"

"तुमी."

"डोळं कुटं हाईत?"

"तुमी आनलं न्हवं संगं."

त्येनं येकडाव पुतळ्याकडं बघितलं, येकडाव तिच्याकडं, अन् उगाच शीळ घालाय लागला. मंग दोगांनी मिळून त्यो मातीचा केरबा पान्याच्या काटवटीत ठिवला. पाय इरघळलं, मंग कंबर, मंग छातीवरची बोटं. निस्ता चिखल ऱ्हायला, अन् तारा. तो चिखल राहीनं बैलांच्या मातीत मिसळला. डोळं लावायची येळ आली तशी भामाबाईनं चंची पालथी केली. तंबाकूचा वास येनाऱ्या लाल गुंजांचा ढीग पडला.

"आय!" नानासो म्हनालं.

"आंधळ्या मान्साला घावत्यात कदीमदी," भामाबाई म्हनाली.

त्या बेंदराला उंब्रजच्या घराघरात केरबाच्या मातीचं बैल पुजलं. पुरनपोळीचा घास त्येंच्या तोंडाला लावताना बाया जरा बिचकायच्या. नानासोंनी हट्टानं जोडी मागून घेतली. अन् त्या बैलांचं डोळं असं काय चमकायचं म्हनून सांगू! आता बाजारात रंगवल्यालं बैल मिळत्यात, येका साच्यातलं, डोळं छापल्यालं. समदं येकाच जागी बघत्यात. वळचनीखाली माती तिंबल्याचा तो वास येत न्हाई, आदी कुनाचा कान गेला अन् कुनाची मान कच्ची ऱ्हायली म्हनून भांडनं हुईत न्हाईत. पंतांची फीत सांगलीत येका पुरात गेली. कृष्णामाईनं केरबाला आपल्या पोटात घेतला, येकदा नदी वलांडली व्हती त्येची फेड म्हना. पंतांवानी मातीला चालवनारं परत कुनी उंब्रजला आलं न्हाई. चौकट मातूर हाय. घर नवं बांधलं तरी पोरांनी तेवडं लाकूड टाकलं न्हाई.

आता येवडं आयकलंयसा, तर येक कबूल कराय पायजे. समदं खरं, नाथाजीचं धोतरबी खरं. पन येक गोष्ट पदरची हाय. तुमची झोप मोडू नये म्हनून घातल्याली. शेडात राहीनं आकड्यानं केरबाचा हात उचलून चौकटीवर टेकवला असं मगाशी सांगितलं न्हवं? तसं न्हाई झालं. तिनं त्येला दारात उभा केला, दोन्ही हात खाली, अन् बास म्हनून उठून भामाबाईजवळ भाईर गेली. पंतांनी उरल्याली फीत त्या उभ्या मातीवरच संपवली अन् वलं फडकं टाकलं. वखारीत पडद्यावर तो हात वर जाय लागला, तवा राहीनं पंतांकडं बघितलं. पंत दांडा फिरवता फिरवता तिच्याकडंच बघत व्हते.